घाट न चढणारी सायकल: साताऱ्यातील एका जुन्या ई-सायकलीच्या सुधारणेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील सायकल ज्यांची आहे त्या साताऱ्यात राहतात आणि यवतेश्वर घाटाच्या वर, कासच्या वाटेवरील एका गावात शिक्षिका आहेत. त्यांचे नाव, गाव आणि शाळा येथे दिलेली नाही. गावात सर्वजण त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून पुढे तोच उल्लेख केला आहे. घरापासून शाळेचे अंतर सुमारे नऊ किलोमीटर आहे. त्यांपैकी पहिले अडीच किलोमीटर शहरातले. समर्थ मंदिर ओलांडले की घाट सुरू होतो आणि पुढच्या सुमारे साडेसहा किलोमीटरमध्ये रस्ता, बाईंच्या फोनवरील नोंदीनुसार, साडेतीनशे मीटरच्या आसपास उंची गाठतो. म्हणजे सरासरी चढ पाच ते साडेपाच टक्क्यांचा. काही वळणांवर मात्र तो आठ-नऊ टक्क्यांपर्यंत जातो.

एसटीच्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नव्हत्या आणि घरातील एकमेव स्कूटर बाईंचे यजमान एमआयडीसीत कामाला जाताना नेत असत. अशा वेळी पुण्यातील एका नातेवाइकांकडे पडून असलेली विजेची सायकल त्यांना मिळाली. सायकल साधारण सहा वर्षांची होती: २६ इंची चाके, पोलादी चौकट, मागच्या चाकात २५० वॅटची, आत गिअर असलेली हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर), ३६ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, दोन्ही चाकांना केबलने चालणारे डिस्क ब्रेक आणि पायडलसाठी एकच गिअर. पुढे ४४ दात्यांचे चेनव्हील आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील. पुण्यातील सपाट रस्त्यांवर तिने आधीच्या मालकाला कधी त्रास दिला नव्हता, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे पुढे निदान चुकत गेले.

अडचण

पहिल्या काही दिवसांतच लक्षात आले की घाटाचा साधारण दोन-तृतीयांश भाग चढून झाला की मोटर अचानक बंद पडते. त्या वेळी हँडलवरील डिस्प्ले बॅटरी अर्धी असल्याचे दाखवत असे. पाच-दहा मिनिटे थांबल्यावर सायकल पुन्हा चालू होई, दोन-अडीचशे मीटर जाई आणि पुन्हा थांबे. एकदा थांबली की चढावर तिच्यावर बसून निघणे बाईंना अशक्य होते. पायडल अर्धा फेरा फिरल्याशिवाय सेन्सर मोटरला चालना देत नाही आणि त्या गिअरवर चढाला तो अर्धा फेराच होत नव्हता. उरलेला रस्ता चोवीस किलोची सायकल हाताने ढकलत जाण्यावाचून पर्याय राहत नसे.

शहरातील एका दुकानात सायकल दाखवण्यात आली. तेथे आधी थ्रॉटल आणि नंतर कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) बदलण्यात आला. सायकल दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चालवून पाहिली जाई, तेथे ती व्यवस्थित धावे, आणि घाटात पुन्हा तेच घडे. अखेर मोटरच 'कमी पडते' असा निष्कर्ष काढून ४८ व्होल्ट, ७५० वॅटचे नवे किट बसवण्याचा सल्ला देण्यात आला. बाईंच्या मुलालाही, जो विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे, तोच मार्ग योग्य वाटत होता. किटची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी दुसऱ्या कोणाचे तरी मत घ्यावे असे बाईंनी ठरवले आणि त्या निमित्ताने हे प्रकरण माझ्याकडे आले.

निदान

या प्रकरणातील पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा होता की कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी सायकल घाटातच मोजायची. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये वॉटमीटर जोडण्यात आला. हे छोटे उपकरण विजेचा दाब (व्होल्ट), प्रवाह (अँपिअर) आणि वापरलेली ऊर्जा एकाच वेळी दाखवते आणि त्याची किंमत एका साध्या कंट्रोलरपेक्षाही कमी असते. मुलाने सायकल चालवायची आणि ठरावीक ठिकाणी आकडे लिहून घ्यायचे, असे ठरले.

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीत, म्हणजे मोटर वीज घेत नसताना, ४१.४ व्होल्ट दाखवत होती. दहा सेल एकापुढे एक जोडलेल्या ३६ व्होल्टच्या पॅकचा पूर्ण दाब ४२ व्होल्ट असतो, त्यामुळे या आकड्यावरून बॅटरी निरोगीच वाटली असती. परंतु घाटाच्या पहिल्या तीव्र वळणावर कंट्रोलरने १४ अँपिअर प्रवाह ओढताच दाब ३५.८ व्होल्टवर आला. याचा अर्थ बॅटरीचा अंतर्गत रोध सुमारे ०.४ ओहम झाला होता. चांगल्या स्थितीतील पॅकमध्ये तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो. बॅटरी निम्मी उतरली की विश्रांतीतला दाब ३७ व्होल्टच्या आसपास येतो. त्यातून साडेपाच व्होल्टची ही घसरण वजा केली की ३१ व्होल्ट उरतात, आणि ३६ व्होल्टचे बहुतेक कंट्रोलर याच पातळीवर, सेल अति उतरू नयेत म्हणून, मोटरची वीज तोडतात. वीज तुटली की प्रवाह शून्य होतो, प्रवाह शून्य झाला की दाब पुन्हा ३६-३७ वर चढतो, आणि डिस्प्ले निरागसपणे 'अर्धी बॅटरी' दाखवतो. थांबल्यावर सायकल पुन्हा चालू होण्याचे रहस्य एवढेच होते. सपाट रस्त्यावर प्रवाह चार-पाच अँपिअरच्या वर जात नसल्याने हा दोष दुकानासमोर दिसणे शक्यच नव्हते.

बॅटरी मंद प्रवाहावर पूर्ण उतरवून पाहिली तेव्हा तिच्यातून सुमारे १५५ वॅट-तास ऊर्जा मिळाली. नवी असताना हा आकडा २७० च्या घरात असणार. घाटासाठी किती लागते याचा हिशेब कागदावर करता येतो. बाई, सायकल आणि पिशवी मिळून ९५ किलो वजन साडेतीनशे मीटर वर नेण्यास सुमारे ९० वॅट-तास लागतात, टायर आणि रस्ता यांच्या घर्षणासाठी आणखी पंधरा-सतरा. म्हणजे चाकापाशी १०५ ते ११० वॅट-तास हवेत. मोटर चढावर घेतलेल्या विजेचा साठ टक्क्यांच्या आसपास भागच चाकाला देते, बाकीची उष्णता होते. बाईंच्या पायांचा वाटा वजा करूनही बॅटरीतून दीडशेच्या जवळपास वॅट-तास लागत होते. मंद प्रवाहावर जेमतेम तेवढे देणारी बॅटरी जड प्रवाहावर शंभरातच थकणार, हे उघड होते.

येथे थांबून नवी बॅटरी घेतली असती तरी सायकल घाट चढली असती. तरीही दुसरी एक नोंद दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. ४४ आणि १८ दात्यांच्या जोडीवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटरहून थोडी अधिक जाते. चढावर ताशी दहा किलोमीटर वेगाने जाताना पाय मिनिटाला फक्त तेहतीस फेरे करतात. माणसाचे पाय साठ ते ऐंशी फेऱ्यांच्या दरम्यान आरामात आणि बराच वेळ काम देऊ शकतात. तेहतीस फेऱ्यांवर ते जिना चढल्यासारखे कण्हत चालतात आणि गुडघ्यांवर भार येतो. बाईंचा वाटा चाळीस वॅटच्या वर जात नव्हता, तो त्यांच्या अंगात ताकद नव्हती म्हणून नव्हे.

मोटरलाही हीच व्यथा होती. चाकात बसवलेली मोटर चाकाच्या वेगाशी जखडलेली असते. पूर्ण वेगाच्या तिसऱ्या हिश्श्यावर ती फिरू लागली की विजेचा मोठा भाग तारांच्या गुंडाळ्यांत उष्णतेच्या रूपाने जातो. घाट चढून आल्यावर हबवर हात ठेववत नव्हता. अशा मोटरमध्ये आत नायलॉनचे ग्रहचक्री गिअर असतात आणि सततच्या उष्णतेने ते मऊ पडून झिजतात.

'मोटर कमी पडते' या निष्कर्षाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. मोटरवर छापलेले २५० वॅट हे ती सतत किती भार सोसेल याचे माप आहे. १४ अँपिअर घेणारा कंट्रोलर भरलेल्या बॅटरीतून त्याच मोटरला थोड्या वेळासाठी पाचशे वॅटपर्यंत वीज देतो. या घाटाच्या सरासरी चढावर ताशी चौदा किलोमीटरने जाण्यास चाकापाशी सुमारे २३० वॅट पुरतात, आणि त्यांतले काही पायांनी द्यायचे असतात. शक्ती पुरेशी होती. ती बॅटरीपासून चाकापर्यंत पोहोचत नव्हती, आणि जेवढी पोहोचत होती तीही पाय व मोटर दोघांनाही न मानवणाऱ्या संथ गतीने खर्च होत होती.

विचारात घेतलेले पर्याय

७५० वॅटच्या किटचा पर्याय मुलाच्या आग्रहामुळे सर्वांत आधी तपासला गेला. त्याच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद होती: सायकल घाट चढली असती, तीही दणक्यात. हरकती तीन होत्या. पहिली कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार विजेची सायकल 'मोटार वाहन' ठरू नये यासाठी मोटरची अर्ध्या तासाची शक्ती पाव किलोवॅटच्या आत असावी लागते, ताशी २५ किलोमीटर वेग होताच तिचे साहाय्य बंद व्हावे लागते आणि बॅटरी वगळता वजन साठ किलोंपेक्षा अधिक असू नये. ७५० वॅटची मोटर बसवली की ही सूट संपते आणि नोंदणी, परवाना, विमा हे सारे प्रश्न उभे राहतात. घरी किट जोडलेल्या सायकलीची नोंदणी करून घेणे व्यवहारात जवळजवळ अशक्यच. दुर्दैवाने अपघात झालाच तर नोंदणी आणि विमा नसलेल्या वाहनावर एक शिक्षिका कामावर जात होती, एवढेच कागदावर उरले असते. दुसरी हरकत यांत्रिक होती. हब मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे फिरवते तेवढ्याच जोराने तिचा आस चौकटीच्या खाचेत उलटा पिळला जातो, आणि २५० वॅटसाठी बनवलेल्या खाचेला त्याहून बराच अधिक पीळ देणे धोक्याचे होते. तिसरी हरकत म्हणजे मोटर, कंट्रोलर, बॅटरी आणि चार्जर हे सगळेच बदलावे लागणार होते. जुन्या सायकलीची चौकट आणि चाके तेवढी उरली असती.

क्रँकपाशी, म्हणजे पायडलच्या दांड्यांपाशी, बसणाऱ्या मिड-ड्राइव्ह मोटरचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सरस होता, हे मान्य करायला हवे. अशी मोटर चेनमधून मागच्या गिअरवर काम करते. चढाला हलका गिअर टाकला की पायांबरोबर मोटरही आपल्या सोयीच्या वेगाने फिरते. तिच्या विरोधात खर्च होता, जो बॅटरी सोडून केवळ किटचाच चाळीस हजारांच्या घरात जात होता. चेन आणि मागची गिअरचक्रे लवकर झिजतात, कारण मोटरचा सारा जोर त्यांच्यातूनच जातो. शिवाय बिघाड झाल्यास साताऱ्यात ती उघडून पाहणारा माणूस आम्हाला सापडला नाही. शाळेला रोज वेळेवर पोहोचणे ज्याच्यावर अवलंबून आहे ते साधन दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवून पंधरा दिवस वाट पाहणे बाईंना परवडणारे नव्हते. माझ्या मते हाच मुद्दा निर्णायक ठरला. खर्चाचा मुद्दा हप्त्यांनी सुटला असता.

घरातील कोणीतरी असेही सुचवले की उतरताना बॅटरी चार्ज होणारी मोटर घ्यावी. कल्पना आकर्षक आहे, पण गिअर असलेल्या हब मोटरमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, त्यामुळे उतारावर चाक मोटरला फिरवतच नाही. ज्या मोटरमध्ये गिअर नसतो तिला हे जमते, मात्र ती जड असते आणि संथ चढावर अधिकच तापते. मिळकतही बेताची: चढताना साठवलेल्या ९० वॅट-तासांतले घर्षण, वारा आणि रूपांतरातील घट वजा जाता फार तर तिसरा हिस्सा परत आला असता.

उरला तो मधला मार्ग: मोटर तीच ठेवायची, बॅटरी नवी घ्यायची आणि मागे सात गिअरचे फ्रीव्हील बसवायचे. यासाठी चौकट अनुकूल असणे आवश्यक होते. मिस्त्रींनी मागचे चाक काढून पाहिले तेव्हा मोटरच्या आसावर फ्रीव्हीलच्या बाजूला वॉशर भरून मोकळी जागा झाकलेली आढळली, आणि चौकटीला डिरेलर (चेन एका गिअरचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) अडकवण्याचा कानही होता. उत्पादकाने हीच चौकट आणि हीच मोटर गिअरच्या मॉडेललाही वापरलेली दिसत होती. हा योग नसता तर मी स्वतः मिड-ड्राइव्हच्या बाजूने झुकलो असतो.

मुलाचा एक आक्षेप मात्र योग्य होता आणि त्याचे उत्तर देणे भाग होते. हब मोटर चेनच्या बाहेर असते, मग मागे कितीही गिअर लावले तरी मोटरला त्यांचा काय उपयोग? थेट उपयोग काहीच नाही. परंतु बाईंचे पाय चाळीसऐवजी शंभर वॅट देऊ लागले तर सायकलीचा वेग वाढतो, वेग वाढला की मोटर अधिक कार्यक्षम टप्प्यात फिरते, आणि मोटरवरचा भारही साठ वॅटने हलका होतो. पायांसाठी घेतलेले गिअर मोटरलाही अशा आडवळणाने थंड ठेवतात. हे पटल्यावर त्याने ७५० वॅटचा हट्ट सोडला. पूर्णपणे नव्हे, पण सोडला.

केलेली कार्यवाही

बॅटरीबाबत प्रथम रसायन ठरवायचे होते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल उष्णता अधिक सोसतात आणि त्यांचे आयुष्य मोठे असते, परंतु तेवढ्याच ऊर्जेसाठी ते अधिक जड व मोठे होतात आणि सायकलीच्या जुन्या डब्यात मावत नव्हते. शिवाय त्यांच्या पॅकचा पूर्ण दाब वेगळा असल्याने चार्जरही बदलावा लागला असता. म्हणून जुन्याच जातीचे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल घेण्यात आले: दहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच, एकूण १३ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४७० वॅट-तास. घाटाला यापेक्षा कितीतरी कमी लागतात, तरी मोठा पॅक घेण्याचे कारण केवळ अंतर नव्हते. समांतर सेल जितके जास्त, तितका प्रत्येक सेलवरचा प्रवाह कमी आणि दाबाची घसरणही कमी.

पॅक बांधून देणाऱ्याकडे चार अटी लेखी मांडल्या: सर्व सेल नवे आणि एकाच खेपेतील असावेत, जोडणी सोल्डरिंगने न करता निकेलच्या पट्टीवर स्पॉट वेल्डिंगने करावी, बीएमएस (सेलचे रक्षण करणारे सर्किट) किमान २५ अँपिअरचा असावा, आणि पॅक देताना १० अँपिअर प्रवाहावर क्षमता मोजून दाखवावी. शेवटच्या अटीवर कुरकुर झाली, पण ती सोडली नाही. बाजारात जुन्या लॅपटॉपचे सेल नव्या वेष्टनात विकले जातात आणि विश्रांतीतल्या दाबावरून ते कधीच ओळखू येत नाहीत. या सायकलीनेच ते सिद्ध केले होते. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतची बारीक वायर आणि काळा पडलेला जोड बदलून जाड वायर आणि एक्सटी-६० जोड बसवला.

गिअरच्या कामात एक अनपेक्षित अडसर आला. १४ ते ३४ दात्यांचे सात चक्रांचे फ्रीव्हील मोटरवर व्यवस्थित बसले, पण त्यासाठी अरुंद चेन लागते आणि पुढचे जुने चेनव्हील एक-गिअर सायकलीच्या रुंद चेनसाठी बनवलेले, जाड दात्यांचे होते. नवी चेन त्यावर बसेचना. परिणामी क्रँकसह ४२ दात्यांचे नवे चेनव्हील घ्यावे लागले, आणि क्रँक बदलल्यामुळे पायडलचा सेन्सर व त्याची चुंबकांची चकती पुन्हा जुळवावी लागली. काम आठवडाभर लांबले. सर्वांत हलक्या गिअरवर आता एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढे जाते, म्हणजे ताशी दहा किलोमीटरला मिनिटाला पासष्ट फेरे. सर्वांत जड गिअरवर ताशी पंचवीसला सदुसष्ट. चढ आणि सपाटी दोन्हींकडे पाय सारख्याच लयीत राहतात.

ब्रेकचे काम यादीत शेवटी होते, पण सायकल घाटात नेण्यापूर्वी ते पूर्ण झालेच पाहिजे असा आग्रह मी धरला. चढताना उंचीच्या रूपाने साठवलेली बरीचशी ऊर्जा उतरताना ब्रेकमध्ये उष्णता म्हणून टाकावी लागते, आणि ताशी पंचवीसचा वेग राखत उतरताना ब्रेक सतत दोनशे वॅटच्या आसपास उष्णता झेलतात. पुढची १६० मिलिमीटरची चकती काढून १८० ची बसवली, दोन्हीकडे उष्णतेला आणि पावसाला टिकणारे धातुमिश्रित पॅड घातले, केबल आणि त्यांची आवरणे बदलली. हे पॅड आवाज करतात. बाईंनी तो मान्य केला. ब्रेकची मूठ दाबताच मोटरची वीज तोडणारे स्विच जुन्या मुठींत होते, म्हणून मुठी मुद्दाम तशाच ठेवल्या. मागच्या आसाला पीळ रोखणारा टॉर्क आर्म लावला. पावसाळ्यात यवतेश्वरला दिवसच्या दिवस धुके आणि झड असते, त्यासाठी सर्व जोड खाली तोंड करून बांधले आणि प्रत्येक वायरला जोडाच्या अलीकडे खाली लोंबणारा वळसा दिला, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत जोडात शिरत नाही. मागे-पुढे दिवसाही लुकलुकणारे दिवे बसवले.

जुना पॅक भंगारात न देता जुन्या बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या अधिकृत संकलकाकडे सोपवण्यात आला. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनंतर अशी व्यवस्था करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे, पण ती शोधण्यास बाईंना बरीच फोनाफोनी करावी लागली.

एकूण खर्चात बॅटरीचा वाटा सुमारे सतरा हजार रुपयांचा होता. गिअर, क्रँक आणि चेन साडेचार हजारांत, तर ब्रेक, वायरी आणि किरकोळ सामान अडीच हजारांत झाले. मिस्त्रींची मजुरी वेगळी.

निष्पत्ती

नव्या पॅकसह त्याच वळणावर १४ अँपिअरला दाबाची घसरण दीड व्होल्टच्या आत राहिली आणि मोटर मध्येच बंद पडण्याचा प्रकार थांबला. पूर्ण घाटासाठी बॅटरीतून आता नव्वद ते शंभर वॅट-तास जातात. पूर्वीच्या हिशेबातील दीडशेच्या तुलनेत ही घट नव्या बॅटरीमुळे नव्हे, गिअरमुळे झाली आहे, हे विशेष नोंदवण्यासारखे आहे: पायांचा वाटा वाढला आणि मोटरची उधळपट्टी कमी झाली. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर हब गरम लागते, पण त्यावर हात ठेववतो. परतीच्या उताराला वीज लागत नसल्याने शाळेत चार्जर ठेवण्याची गरज पडत नाही, आणि एका चार्जमध्ये दोन दिवसांचे जाणे-येणे होते. बाई तिसऱ्या दिवसाची परीक्षा पाहत नाहीत, कारण बॅटरी वारंवार तळाला नेली नाही तर ती अधिक टिकते.

चढावर थांबून पुन्हा निघणे ही बाईंची मूळ तक्रार होती आणि ती हलक्या गिअरने पूर्ण सुटली. त्यासाठी थांबण्यापूर्वीच गिअर उतरवण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागली. डिरेलर चेन फिरत असतानाच गिअर बदलतो. आधी थांबून मग गिअर शोधणाऱ्याला तो सापडत नाही. मोटरचा जोर चेनवर येत नसल्याने गिअर बदलताना खडखडाट होत नाही, हा हब मोटरचा एक लहानसा फायदा येथे अनुभवास आला.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. आठ-नऊ टक्क्यांच्या वळणांवर वेग ताशी दहाच्या खाली येतो आणि तेथे मोटर अजूनही तापते. सलग दोनदा घाट चढण्याची वेळ आली तर मध्ये विश्रांती द्यावी असे बाईंना सांगितले आहे. कासचा फुलांचा हंगाम सुरू झाला की ऑगस्टपासून शनिवारी सकाळी पर्यटकांच्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यावर कोणत्याही मोटरचा इलाज नाही. त्या आठवड्यांत बाई शनिवारी पाऊण तास आधी निघतात.

वेगळे काय करता आले असते

पहिले म्हणजे क्रम. थ्रॉटल आणि कंट्रोलर बदलण्यापूर्वी, किंवा निदान पहिला भाग बदलूनही फरक पडला नाही तेव्हा, भाराखालचा दाब मोजला गेला असता तर दोन्हींचा खर्च वाचला असता. दोष चढावर दिसतो आणि तपासणी सपाटीवर होते, ही विसंगती दुकानात कोणाला खटकली नाही. ज्यांच्याकडे वॉटमीटर नाही त्यांनाही एक चाचणी करता येते. पूर्ण चार्जवर चढ चढताना डिस्प्लेवरील पट्ट्या भराभर उतरत असतील आणि थांबताच परत चढत असतील, तर संशय मोटरवर नव्हे, बॅटरीवर घ्यावा.

दुसरे म्हणजे चेनव्हील. फ्रीव्हील, डिरेलर आणि चेन मागवताना पुढच्या दात्यांची जाडी कॅलिपरने मोजली असती तर आठवडा वाया गेला नसता. जुन्या एक-गिअर सायकलीला गिअर लावू पाहणाऱ्यांनी हे मोजमाप आणि मागच्या खाचेतील रुंदी, ही दोन्ही आधी घ्यावीत. पोलादी चौकट थोडी फाकवून घेता येते, ॲल्युमिनिअमची मात्र फाकवू नये.

तिसरा मुद्दा अजून वादाचा आहे. कंट्रोलर बदलायचाच होता तर पायांच्या जोराप्रमाणे साहाय्य देणारा टॉर्क सेन्सर आणि त्याला साजेसा कंट्रोलर त्याच वेळी घेणे अधिक योग्य झाले असते, असे मुलाचे मत आहे. सध्याचा सेन्सर पाय फिरत आहेत की नाहीत एवढेच पाहतो; जोर किती आहे हे त्याला कळत नाही, त्यामुळे चालवणाऱ्याने आळस केला तरी मोटर तेवढेच देत राहते. मत तत्त्वतः बरोबर आहे. परंतु असा सेन्सर क्रँकच्या आसात बसतो, महाग असतो आणि पाण्याला नाजूक असतो. बाईंच्या रस्त्यावर तो पावसाळा काढील का, याची मला शंका आहे.

मोटर उघडून आतील नायलॉनचे गिअर तपासण्याचे आणि त्यांना नवे ग्रीस भरण्याचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी करायचे ठरले आहे. गिअर झिजलेले निघाले तर त्यांचा संच स्वतंत्र मिळतो आणि मोटर बदलावी लागत नाही. दरम्यान मुलाने क्रँकच्या कवचाची रुंदी मोजून ६८ मिलिमीटर अशी नोंद वहीत करून ठेवली आहे, कारण मिड-ड्राइव्हचे बहुतेक किट त्याच मापाला बसतात.